सोहनभाभीचा चहा आणि क्लीव्हलंडची टीम

सोहनभाभी सट्टा खेळते, अशी बातमी आमच्या गल्लीत आली ती पानवाल्या दिवाल्याकडून. सट्टाही क्रिकेटवर नाही, थेट अमेरिकेच्या मॅचवर. दुकान त्यातच बुडणार, असंही त्यानं वरून चुन्यासारखं लावून दिलं. मी ही बातमी कुठेही पसरवली नाही. फक्त घरी बायकोला सांगितली, पुढचं काम आपोआप झालं.

पुरावा तसा तगडा होता. दर सोमवारी सकाळी भाभी दुकानाचं शटर अर्धं वर करून विचारायची, "काय व्हयनं भाऊ, हारनी का?" आणि उत्तर ऐकून तिचं तोंड एवढंसं व्हायचं. साठी ओलांडलेली, कांदा-लसूण न खाणारी, दिवस मावळायच्या आत जेवून घेणारी बाई सोमवारी सकाळी कोणाच्या तरी हारजितीची चौकशी करते, याचा दुसरा अर्थ नंदुरबारात कोण लावणार?

आता ती ज्याला विचारायची तो भाऊ म्हणजे मीच, हिंमतराव, समोरच्या घरात राहणारा, धानोऱ्याच्या शाळेत कारकून. त्यामुळे खरं काय ते मला ठाऊक होतं. भाभीनं एक रुपयाही लावला नव्हता. तिनं चहा लावला होता.

हे ज्यांना हलकं वाटतं त्यांनी भाभीचा चहा पाहिलेला नाही. सुंठ कुटून घातलेला, चमचा उभा राहील असा. दिवसाला पाच वेळा. सकाळचा पहिला ती ओट्यावर बसून प्यायची आणि त्यात अर्धा कप माझा असायचा. राजस्थानातून लग्न करून आली तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती. म्हणे सासूनं चहा टाकायला लावला आणि गिऱ्हाइकांत बसवलं, तिथेच शिकली. आज ती अहिराणी अशी बोलते की कोरीटच्या पाटलिणी तिच्याकडून म्हणी घेऊन जातात.

दुकान भांड्यांचं. पाटीवर नाव नवऱ्याचं, हुकमीचंद. हुकमीशेठची ख्याती भांडी विकण्यात नव्हती, भांड्यांवर नाव घालण्यात होती. छोटं विजेचं मशीन, पेनासारखं हातात धरायचं, आणि घर्र करून ताटाच्या काठावर अक्षर उमटायचं. लग्नाचा आहेर असो की शाळेच्या पोराचा डबा, शेठचं अक्षर असं वळणदार की चोरानंही भांडं परत आणून द्यावं. आमच्याकडच्या पिंपावर माझ्या बायकोचं, रंजिताचं नाव आहे. उभ्या संसारात माझं नाव एवढं सुंदर दुसऱ्या कोणी लिहिलं नाही, असं ती मला ऐकवते.

तर हे हुकमीशेठ विसरायला लागले. आधी भाव विसरले, मग गिऱ्हाइकाचं गाव, मग माझं नाव. मला ते "पोस्टमन" म्हणायचे. मीही दोन-चार वेळा "आज टपाल नाही शेठ" म्हणून पाहिलं, तर भाभीनं असं पाहिलं माझ्याकडे की तो विनोद मी कायमचा बंद केला. डॉक्टरनं सांगितलं, हे असंच पुढे जात राहणार. गोळ्या आहेत, पण त्या गोळ्या फार तर हळूहळू जायला लावतात.

पण एक माणूस त्यांना पक्का आठवायचा. मुलगा नमन. संध्याकाळची सुरतेची गाडी आली की शिट्टी ऐकून ते ओट्यावर यायचे आणि विचारायचे, "नमन आया क्या?" नमन सुरतेला कॉलेजात होता तेव्हा शनिवारी त्याच गाडीनं यायचा. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. नमन अमेरिकेत, क्लीव्हलंड नावाच्या गावी. कॉम्प्युटरवर काय करतो ते तो सांगतो, आम्ही ऐकतो, दोघांचंही समाधान होतं.

भाभीला एकच हवं होतं. बाप ओळखतोय तोवर पोरानं एकदा यावं.

आता तुम्ही म्हणाल, फोन करून सांगावं. तिनं यायला सांगितलं होतं. पाच वेळा सांगितलं होतं. थंडीत येतो, उन्हाळ्यात येतो, नवी नोकरी, सुट्टी नाही, व्हिसाचा कागद अडकलाय. फक्त कशासाठी ये, ते तिनं सांगितलं नव्हतं. परक्या मुलखात एकटा पोरगा, ऐकून जेवण सोडेल, काय करेल. आणि तो स्वतःहून ओळखेल अशी सोयही नव्हती, कारण फोन कानाला लावला की शेठ अगदी ठणठणीत बोलायचे. "हां बेटा, तबियत अच्छी, धंदा अच्छा, मम्मी अच्छी." चाळीस वर्षं व्यापाऱ्यांशी बोलून ही तीन वाक्यं त्यांच्या जिभेवर अशी बसली होती की डोक्याची गरजच नव्हती. पलीकडे नमन खूश. इकडे फोन ठेवल्यावर शेठ विचारायचे, "कौन था?"

मी म्हटलं, मी सांगतो. भाभीनं मला हुकमीशेठच्या डोक्याची शपथ घातली. "त्याले काही सांगानं नही." माझ्या पोटात पाण्याचा घोट टिकत नाही हे गल्ली जाणते. पण ही गोष्ट टिकली. सगळ्या गल्लीला माहीत, एका क्लीव्हलंडला सोडून.

मग संवत्सरी आली. जैनांचा वर्षाचा क्षमा मागायचा दिवस. नमनचा फोन आला, मिच्छामि दुक्कडम झालं, आणि भाभीनं त्याच ओघात पुन्हा विचारलं, कव्हय येशी? नमन तिथे त्यांच्या त्या फुटबॉलचा नादी झाला होता. हसत म्हणाला, "मम्मी, यंदा आमची टीम एक मॅच जिंकू दे, त्याच दिवशी तिकीट काढतो."

तो हसला. भाभी हसली नाही. दुसऱ्या दिवशी जैन स्थानकात जाऊन साध्वीजींसमोर हात जोडून तिनं नेम घेतला: नमनची टीम जिंकेपर्यंत चहा बंद. आपला नवस असतो तसंच म्हणा, पण उलटं. आपण काम झालं की नारळ फोडतो. यांच्यात काम व्हायच्या आधीच आपण स्वतः फुटायचं.

आणि नेम घेऊन बाई निश्चिंत. मला म्हणाली, "सोळा मॅच शेतस. सोळामां एक तं जितीच ना."

मलाही तसंच वाटलं. मॅच तिकडे रविवारी दुपारी, आपल्याकडे तेव्हा रात्र. मी झोपून जायचो आणि सोमवारी सकाळी मोबाइलवर निकाल बघायचो. टीमचं नाव ब्राउन्स. डोक्यावर नुसता नारिंगी टोप, त्यावर चित्र-बित्र काही नाही. एकदा थोडा खेळही पाहिला. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात घेऊन पळतात, आणि चेंडूही गोल नाही. घडीभर पळतात, एकमेकांवर ढीग करून पडतात, मग उठून बराच वेळ चर्चा करतात. धानोऱ्याच्या ग्रामसभेसारखंच, फक्त तिथे ढीग शेवटी होतो. भाभीला दाखवलं तर ती म्हणाली, "त्यास्नी माय दखत नसतीन का?"

पहिली मॅच हरली, थोडक्यात. दुसरी हरली. तिसरी थोडक्यात. चौथ्या सोमवारी मला शंका आली आणि मी मागचं वर्ष काढून बघितलं. मागच्या वर्षीही ह्याच टीमनं सोळा खेळून एक जिंकली होती, तीही नाताळच्या तोंडावर. म्हणजे पोरानं आईला अशा बैलावर पैज लावायला सांगितलं होतं जो पोळ्यालाही उठत नाही. भाभीला मी हे सांगितलं नाही. सांगून काय, नेम घेऊन झाला होता.

रंजिता म्हणाली, "अहो, सांगून टाका ना जिंकली म्हणून. म्हातारी चहा तरी पिईल." मी ओट्यावर जाऊन घुटमळत विषय काढला, की समजा एखाद्या सोमवारी मोबाइलनं खोटं सांगितलं तर. भाभी माझ्यापेक्षा हुशार. म्हणाली, "खोटी जितनी तं पोऱ्याबी खोटाच येई."

चातुर्मास होता, साध्वीजी गावातच होत्या. मी भाभीला म्हटलं, नेम सुटायची काही वाट असेल तर विचारून घ्या. मीही सोबत गेलो, मला तसं प्रत्येक ठिकाणी जायला आवडतं. साध्वीजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "या खेळात काय करतात?"

भाभीनं मला पुढे केलं. मी सांगितलं, एकमेकांवर पडतात.

"आणि तुमचे पडावेत की दुसरे?"

"दुसरे," भाभी खाली मान घालून म्हणाली.

साध्वीजी म्हणाल्या, संसाराच्या कामासाठी नेम घ्यायचा नसतो, त्यातून दुसऱ्याची हार मागायची तर मुळीच नसते. भाभीला वाटलं, सुटले. तर त्या पुढे म्हणाल्या, पण घेतला आहे तर पाळा. त्या सोमवारी टीम पुन्हा हरली आणि मला वाटतं तिनं समोरच्या टीमचीही क्षमा मागितली असावी.

मग धनतेरस आली. भांड्यांच्या दुकानाचा सगळ्यात मोठा दिवस. भाभी गल्ल्यावर, शेठ मशीनवर. भाव विसरोत, हात विसरला नव्हता. गर्दी अशी की कोणी घालून घेतलेलं नाव वाचूनही बघेना. दुसऱ्या दिवशी कोरीटची दगूबाई ताट घेऊन परत आली. "भाभी, मी दगूबाई सांगं व्हतं. शेठनी नमन लिखी दिधं."

सुंदर अक्षरात, काठाशी वेलबुट्टी काढून, नमन.

मग एकेक येऊ लागले. डब्यावर नमन. कळशीवर नमन. नवापूरच्या एका पोल्ट्रीवाल्यानं बायकोसाठी नेलेल्या पोळपाटावर नमन, आणि त्या घरात हा नमन कोण यावरून जे झालं ते मिटवायला त्याला बायकोसह दुकानात यावं लागलं. त्या दिवशी शेठनी दुसरं नावच घातलं नव्हतं. भाभी प्रत्येकाला हात जोडून भांडं बदलून देत होती. दगूबाईनं मात्र ताट पुन्हा पिशवीत घातलं. "ऱ्हावू दे माय. सूनले दिवस शेतस. पोऱ्या व्हयना तं नमनच नाव ठेवसूत." आणि खरंच तिला नातू झाला, आणि कोरीटात आज एक नमन पाटील रांगतो आहे, कारण ताट आधीच तयार होतं.

मध्ये एक सोमवार असा आला की मी म्हटलं, "आज खेळच नही भाभी. त्यास्नी सुट्टी शे."

"मंग हारनी नही ना," ती म्हणाली, आणि दिवसभर जरा मोकळी होती.

थंडी पडली. गावाबाहेर पथारींवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, लाल मिरची पसरली, वारा आला की गल्ली ठसकायची. भाभीच्या डोळ्यांतून पाणी यायचं ते मिरचीचं, असं ती म्हणायची. शेठ आता गाडीची शिट्टी ऐकून ओट्यावर यायचे, पण विचारायचे काहीच नाहीत. नुसते उभे राहायचे, कशासाठी आलो ते आठवत. भाभी त्यांना आठवून द्यायची, "नमनबद्दल विचारतस ना?" ते म्हणायचे, "हां, वही."

डिसेंबरात एका मॅचमध्ये ब्राउन्स शेवटापर्यंत पुढे होते. ते मला नंतर वाचून कळलं. चांगले दुपटी-तिपटीनं पुढे होते, मग बरोबरी झाली, मग जादा वेळ, मग हरले. हे मी भाभीला का सांगितलं देव जाणे. ती अर्ध्या उघड्या शटरखाली बसून राहिली. म्हणाली, "आपन काय करू सकतस?" मी म्हटलं, काही नाही. पहिल्यांदा माझ्याकडे वर जोडायला काही विनोद नव्हता. नंदुरबारात बसून आपण त्या पोरांना उठवू शकत नव्हतो, चेंडू धर म्हणू शकत नव्हतो. आपण फक्त चहा सोडू शकत होतो, आणि तो आधीच सोडलेला होता.

इंग्रजी वर्ष संपलं आणि त्याबरोबर सोळावी मॅच. सोळाच्या सोळा हरले. तिकडे सगळ्यांनी लिहिलं की असं आजवर फक्त दुसऱ्यांदा झालं. इतिहास घडला, आणि तो घडायला आमच्या गल्लीतली एक बाई बिनचहाची बसली होती.

नमननं व्हिडिओ पाठवला. हाडं गोठवणाऱ्या थंडीत तिथल्या लोकांनी मैदानाभोवती मिरवणूक काढली होती, शून्याच्या आकारात फिरत. नाचत होते, हसत होते. मध्ये नमन, नारिंगी टोपी, नाक लाल.

"हारनात तरी वरात काढतस?" भाभी म्हणाली. मग तिनं मोबाइल शेठच्या समोर धरला. "दखा, कोन शे?"

शेठनी चष्मा सारखा केला, नीट पाहिलं, आणि कौतुकानं म्हणाले, "अच्छा लडका है. किसका है?"

भाभीनं मोबाइल पदरानं पुसला आणि मला म्हणाली, टोपी व्हती ना, टोपीमां कोन वळखी. मी म्हटलं, खरं आहे, मला पण आधी ओळखू आला नाही. पुढची मॅच सप्टेंबरात आहे हेही मीच सांगितलं. ती म्हणाली बरं.

उन्हाळा गेला. पुन्हा संवत्सरी जवळ आली, पुन्हा टीम मैदानात. आणि पहिल्याच मॅचला निकाल काय, तर बरोबरी. मी धावत गेलो. "भाभी, हारनी नही. जितनीबी नही. निम्मी-निम्मी. माझं ऐका, अर्धा कप घ्या, नेम पण अर्धा राहील."

तिनं खरंच विचार केला. पातेल्याकडेही बघितलं. मग म्हणाली, "अर्धा पोऱ्या येस का?"

पुढची मॅच हरले. त्याच्या पुढची मात्र रविवारी नव्हती, गुरुवारी होती, म्हणजे आपला शुक्रवार. मला पत्ताच नाही. मी मोटारसायकलला किक मारतोय आणि समोरून भाभीचा फोन वाजतोय. नमन. ओरडत होता. जिंकली होती. म्हणाला, गावात ठिकठिकाणी कोल्ड्रिंकचे फ्रिज कुलूप लावून ठेवले होते, टीम जिंकेल तेव्हाच उघडायचे, ते आज उघडले. कोल्ड्रिंक कसलं ते मी नंतर वाचलं, भाभीला अजून सांगितलेलं नाही.

भाभीनं त्याला पूर्ण ओरडू दिलं. मग म्हणाली, "आता तिकीट काढ."

"कसलं तिकीट, मम्मी?"

स्पीकर चालू होता. मी ऐकलं. विसरण्याचं काम ह्या घरात एकट्या बापाकडे नव्हतं म्हणायचं. भाभीनं त्याला संवत्सरीचं बोलणं शब्द न शब्द सांगितलं. तो म्हणाला, "मम्मी, ते मी मजेत..." आणि तेवढ्यावर थांबला. दिवाळीला येतो म्हणाला.

तिनं चहा टाकला. सुंठ कुटली. आधी शेठना, मग मला, मग स्वतःला. एक घोट घेऊन कप खाली ठेवला. म्हणाली, "गोड जास्ती व्हयनं." साखर नेहमीचीच होती. मी माझा संपवला, आणि तिचाही.

नमन धनतेरसच्या आदल्या संध्याकाळी आला, सुरतेच्याच गाडीनं. शिट्टी झाली, पण शेठ ओट्यावर आले नाहीत. शिट्टीला येणं त्यांनी सोडून काही महिने झाले होते. ते मशीनशी बसले होते. नमन पाठीला बॅग लावून दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, तोंडभर हसत.

"आवो भाऊ, काय दखाडू?" शेठ म्हणाले.

नमनला वाटलं पापा मजा करतायत. तोही म्हणाला, "ताट दाखवा." शेठनी ताट काढलं, बोटानं टिचकी मारून आवाज ऐकवला, वजन सांगितलं. नमन हसतच होता. मग त्यानं भाभीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याचं हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"नाम डालना है?" शेठनी मशीन हातात घेतलं. "क्या डालूं?"

"नमन," तो म्हणाला.

घर्र झालं. तोच हात, तेच वळण, काठाशी वेलबुट्टी. शेठनी फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि ताट त्याच्या हातात दिलं. "अच्छा नाम है. बहुत निकलता है ये नाम."

मागच्या खोलीत भाभीनं चहा ठेवला होता. नमन ताट मांडीवर घेऊन बसला होता. मी जायला हवं होतं, पण कप हातात होता. दोघं मारवाडीत बोलत होते; इतक्या वर्षांच्या शेजारानं मला ते कळतं, हे त्यांना माहीत आहे.

"एकदा सांगायचं तरी, मम्मी," तो म्हणाला. "पापांचं असं आहे एवढंच सांगायचं. मी त्याच दिवशी निघालो असतो. तू त्या टीमच्या भरवशावर वर्षभर बसून राहिलीस? ती टीम... तुला काय माहीत ती टीम कशी आहे."

भाभीनं गाळणं आपटून रिकामं केलं आणि त्याचा कप त्याच्यापुढे ठेवला.

"मी तर तुलाच बोलावलं होतं," ती म्हणाली. "टीम तू मध्ये आणलीस."